पाय टेकले पाहिजेत

आमच्या कॉलेजात ज्या जागेला अजूनही 'सायकल स्टँड' म्हणतात, तिथे आता सायकल शोधावी लागते. जिकडे पाहावे तिकडे मोटारसायकली! त्यांत माझी एकही नाही, म्हणून हा लेख मत्सरापोटी लिहिला आहे असे काही मित्र म्हणतील. म्हणोत बापडे! पण यंदा उसाचे बिल आले की आमच्याही दारात गाडी येणार आहे. ती कोणती असावी यावर घरात, पारावर आणि कॅन्टीनमध्ये इतका खल झाला आहे की, त्यातून माझे जे मत बनले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

सल्ला देणाऱ्यांना आपल्याकडे तोटा नाही. चुलते म्हणाले, "आरं, दहा जणांत उठून दिसंल अशी घे." एका वर्गमित्राच्या मते दोनशे सीसीच्या खाली गाडीच नसते. शोरूममधल्या सद्गृहस्थांनी तर आधी वडिलांची जमीन किती हे विचारले आणि मग गाडी दाखवली. गाडीविषयी सर्वांनी सर्व काही सांगितले. एकच प्रश्न कोणी विचारला नाही : ही चालवणार कोण? चालवणारा मी, आणि मी आजवर सायकलीपलीकडे काही चालवलेले नाही.

मला वाटते, निवडीची सुरुवात या प्रश्नापासून व्हावी. नवशिक्याची पहिली मोटारसायकल हलकी असावी, बेताच्या ताकदीची असावी, आणि तिच्यावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकावेत. बाकी रंग, आवाज, दिमाख हे सारे नंतर.

आता वजनाचेच पाहा. खेडोपाडी दिसणारी स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची आहे. साडेतीनशे सीसीची बुलेट सुमारे १९५ किलोची. म्हणजे फरक सिमेंटच्या दीड पोत्याहून अधिक! गाडी पळत असते तेव्हा हे वजन जाणवत नाही. ते जाणवते चढावर थांबताना, चिखलात वळवताना, डेअरीच्या दारात मागे घेताना. नवशिका पडतो तो बहुधा अशाच ठिकाणी, अगदी सावकाश. पाय पुरता टेकत असेल तर तो सावरतो. नुसता अंगठा टेकत असेल तर गाडी त्याला घेऊन आडवी होते.

ताकदीचेही तसेच. स्प्लेंडरची ताकद सुमारे आठ अश्वशक्ती. २०१२ साली आपल्या देशात आलेल्या ड्यूक २०० ची सुमारे पंचवीस, म्हणजे तिपटीहून अधिक. यावर मित्रांचे उत्तर ठरलेले असते : "ताकद असली म्हणून काय झाले? हळू चालवायची!" वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड आहे. शांत डोक्याने कोणतीही गाडी हळू चालवता येते. पण समोर अचानक कुत्रे आले की नवशिक्याचे डोके शांत राहत नाही. तो दचकतो, मूठ आवळतो, आणि नेमकी ॲक्सिलरेटरची मूठ पिळली जाते. त्या क्षणी आठ अश्वशक्तीची गाडी चूक पोटात घालते. पंचवीसची घालत नाही.

वेगाचे गणित तर शाळेतच शिकवतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात एका सेकंदात गाडी सुमारे सतरा मीटर पुढे जाते. "अरेच्चा!" म्हणेपर्यंत ते सतरा मीटर संपलेले असतात. आमच्या रस्त्यावर गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या चालतात, त्यांतल्या कितीतरी मागच्या दिव्याशिवाय. गतिरोधकांना पट्टे नसतात, वळणावर खडी सांडलेली असते. जाहिरातीतला गुळगुळीत, रिकामा रस्ता आमच्या तालुक्यात मी तरी पाहिलेला नाही!

एका बाबतीत मात्र मोठ्या गाडीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. जोराने ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ नये, अशी ती योजना. सव्वाशेपर्यंतच्या गाड्यांना मात्र दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पुरेशी ठरवण्यात आली. तेव्हा पाय नीट टेकत असतील, वजन झेपत असेल आणि खिशाला परवडत असेल, तर एबीएस असलेली दीडशे सीसीची साधी गाडी घेण्यास माझी हरकत नाही. पण कोणतेही यंत्र शिकण्याची जागा घेत नाही. "पुढचा ब्रेक लावू नको, पालथा होशील," असे आमच्या गावात अजून सांगतात. वस्तुतः ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. हँडल सरळ ठेवून तो हळूहळू दाबायला शिकायचे असते. हे शिकायला हलकी गाडी बरी की जड, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दुसरा आक्षेप पैशाचा. "लहान गाडीचा वर्षात कंटाळा येईल, मग दुप्पट खर्च!" मला हा हिशेब उलटा वाटतो. शिकणाऱ्याची गाडी एकदोनदा तरी पडणारच. साध्या गाडीचा लिव्हर आणि इंडिकेटर गावातला मेकॅनिक बदलून देतो, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात येते. म्हणून पहिली गाडी जुनी घेण्यातही कमीपणा नाही, फक्त आर.सी. बुक, विमा आणि त्यावर फायनान्सचा बोजा आहे का हे पाहावे, आणि ओळखीच्या मेकॅनिकला दाखवावी. नवी घेणाऱ्याने तर शोरूमच्या पाटीवरची किंमत ही किंमतच समजू नये. तिच्यावर आर.टी.ओ.चा कर चढतो, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा पाच वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागू लागला. आय.एस.आय. शिक्क्याची दोन हेल्मेटे मी गाडीच्या किमतीतच धरतो. दोन अशासाठी की मागे बसणाऱ्यालाही डोके असते! तेवढे पैसे उरत नसतील तर आपण ऐपतीबाहेरची गाडी पाहत आहोत असे खुशाल समजावे.

आता थोडे मनातले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे माझी गाडी ही गावाच्या दृष्टीने माझ्या शिक्षणाची पावती आहे. आबा तोंडाने बोलत नाहीत, पण पोराने चारचौघांत मान वर करून यावे असे त्यांना वाटते. म्हणूनच ते पतसंस्थेचे कर्ज काढायलाही तयार आहेत. मला भीती वाटते ती याच मायेची. शेजारच्या गावचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी अशीच कर्जाची मोठी गाडी घेऊन रात्री उभ्या ट्रॉलीवर गेला. जीव वाचला, पण पाय गेला आणि कॉलेजही सुटले. हप्ते मात्र सुटले नाहीत. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत शंभरांतली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. सधन घरात मोडलेला पाय दवाखान्यात बरा होतो. आमच्या घरात पायाबरोबर शिक्षण मोडते, कारण दवाखान्याचे बिल आणि गाडीचा हप्ता दोन्ही त्याच उसातून जायचे असतात.

शिवाय आमच्यासारख्या घरात गाडी एकट्याची कधीच नसते. सकाळी डेअरीला दुधाची किटली, दुपारी खताचे पोते, रात्री-अपरात्री आईला दवाखाना, हे सारे तिलाच करायचे असते. १९७२ साली आलेल्या लूनाने महाराष्ट्रात हेच केले. ती दिमाखाची गाडी नव्हती, पण बायकाही ती बिनधास्त चालवीत. माझी धाकटी बहीण बारावीत आहे. पुढल्या वर्षी तीही याच कॉलेजात येईल. अठरा पूर्ण होताच तिने शिकाऊ परवाना काढायचा असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. म्हणून गाडी पाहायला जाताना मी तिलाच बरोबर नेणार आहे. सीटवर बसून तिचे पाय टेकले तर ती गाडी आमच्या घरची. मी एकट्याने मिरवायची गाडी घरच्या पैशाने का घ्यावी?

मित्रहो, मोठ्या गाडीचे स्वप्न पाहू नका असे मी म्हणत नाही. मलाही ती आवडते. तिचा आवाज ऐकून माझीही मान वळते. पण ते स्वप्न स्वतःच्या कमाईचे आणि दोन-तीन पावसाळे रस्त्यावर काढलेल्या हातांचे असावे. तोवर शोरूममध्ये गेलात तर सीसी विचारण्याआधी गाडीवर नुसते बसा आणि खाली पाहा.