फवारणीआधी रक्त तपासा

ऑगस्टात वाशिम जिल्ह्यातलं सोयाबीन फुलोऱ्यात असतं आणि मानोरा-कारंज्याकडे कपाशीवर फवारण्या चालू असतात. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पायात साधी चप्पल, अशा बेतात शेतमजूर सकाळपासून फवारा मारत राहतो. दुपारी डोकं जड होतं, मळमळतं, नजर अंधूक होते. ऊन लागलं असेल, म्हणून तो झाडाखाली जाऊन बसतो. त्या वेळी त्याच्या शरीरात काय बिघडलेलं असतं, हे कळण्यासाठी चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात, इथपर्यंत जावं लागतं.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, पण त्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. दोघींच्या मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. पेशीतून विजेचा संदेश धावत येतो, मात्र बहुतेक ठिकाणी या फटीच्या काठावर विजेचं काम संपतं. तिथल्या इवल्या पिशव्या फुटतात, रसायन बाहेर पडतं, फट ओलांडतं आणि पलीकडच्या पेशीवरच्या ठरावीक रेणूंना जाऊन भिडतं.

हे रसायनाचं बोलणं ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर दाखवून दिलं. एका हृदयाची चेता उत्तेजित केली, तसे त्याचे ठोके मंदावले. त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. या प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली, पहिल्या रात्री खरडलेलं टिपण सकाळी वाचताच आलं नाही आणि दुसऱ्या रात्री स्वप्न पुन्हा पडलं, असं लोवी स्वतः सांगत. किस्सा थोडा रंगवलेला असेलही. निष्कर्ष मात्र टिकला. ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलीन. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून मिळालं.

संदेश पोहोचणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो थांबणंही. त्यासाठी फटीत कोलिनेस्टरेज नावाचं विकर तयार असतं. काम झालेलं अॅसिटिलकोलीन ते क्षणार्धात तोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं हेच विकर निकामी करतात. मग दाराच्या बेलवर बोट अडकून बसावं, तसं होतं. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत साचणारा स्राव, फडफडणारे आणि मग लुळे पडणारे स्नायू. मेंदूतही तोच गोंधळ माजतो, म्हणून झटके येतात, शुद्ध हरपते, श्वास मंदावतो. अळीची चेतासंस्था याच तत्त्वावर चालते, त्यामुळे अळीही मरते. गेऱ्हार्ट श्रेडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकं शोधता शोधता टाबून या विषारी वायूपर्यंत पोहोचला, तेही १९३६ सालीच. युद्धातलं रसायन आणि शेतातलं रसायन एकाच कुळातलं आहे.

यावर पहिला उतारा अॅट्रोपिन. धोतऱ्यातही सापडणारं हे द्रव्य अॅसिटिलकोलीनला पलीकडच्या पेशीवर टेकू देत नाही. (मात्रा डॉक्टरच ठरवू शकतात, धोतऱ्याचं बी घरी देण्याचा विचारही नको.) गंमत अशी, की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना दिलं जाणारं डोनेपेझिल हेही कोलिनेस्टरेजलाच अडवतं, पण मोजून आणि सोडून देता येईल असं. फरक मात्रेचा आणि पकडीचा. ऑर्गनोफॉस्फेटची पकड वेळ जाईल तशी पक्की होते, आणि मग विकराला सोडवणारं प्रालिडॉक्सिमही फारसं कामी येत नाही. म्हणून झाडाखाली बसण्यात गेलेले तास महाग पडतात.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. सगळीच बाधा ऑर्गनोफॉस्फेटची नव्हती. वेगवेगळी औषधं एकत्र करून मारली जात होती आणि त्यांतल्या काहींवर ठरावीक उताराच नाही. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. चर्चा मात्र हातमोजे आणि मास्क यांभोवती फिरत राहिली, जणू दमट हवेत, डोक्याएवढ्या कपाशीत ते दिवसभर घालणं हा केवळ मजुराच्या शहाणपणाचा प्रश्न आहे.

खरं तर विज्ञानाने याहून साधं साधन हाती दिलेलं आहे. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजता येतं. निरोगी माणसांतही त्याची पातळी बरीच वेगवेगळी असते, म्हणून आजारी पडल्यावर केलेली एकच तपासणी अर्धवट माहिती देते. हंगामाआधीचा आकडा हवा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने फवारणी कामगारांसाठी हे १९७४ पासून बंधनकारक केलं आहे. तांबड्या पेशींतलं विकर स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर आलं, की त्या माणसाला फवारणीच्या कामावरून बाजूला घ्यावं लागतं आणि पातळी ८० टक्क्यांवर परत येईपर्यंत पुन्हा तिथे लावता येत नाही.

वाशिमच्या सहा तालुक्यांत हे का होऊ नये? कॅलिफोर्नियात कामगाराला एक मालक असतो, इथला मजूर आज याच्या तर उद्या त्याच्या वावरात, ही अडचण खरी आहे. म्हणूनच जबाबदारी शेतमालकावर न टाकता आरोग्य खात्याने घ्यायला हवी. गावात फवारणीला कोण जातं, हे आशाताईंना विचारलं तरी कळेल. पेरणीआधी जूनमध्ये एकदा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा रक्ताचा नमुना घ्यावा, आकडा मजुराच्या कार्डावर लिहावा. ज्याचा आकडा घसरला, त्याला काही आठवडे निंदणी-डवरणीचं काम द्यावं, आणि फवारणीच्या जादा मजुरीतली तूट रोजगार हमीच्या निधीतून भरून काढता येते का, हे जिल्हा प्रशासनाने तपासावं.