दोष डिस्कचा की बसवण्याचा?

आफ्टरमार्केट ब्रेक डिस्क बसवल्या आणि काही महिन्यांत ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागले, की निकाल ठरलेला असतो: ‘लोकल माल, डिस्क बेंड निघाली.’ मग डिस्क बदलतात, नाहीतर लेथवर मारून आणतात. थोडे दिवस बरे जातात आणि थरथर परत येते, कारण मूळ दोष पुष्कळदा डिस्कमध्ये नसतोच. तो ती बसवण्याच्या पद्धतीत असतो.

डिस्क हबवर सपाट टेकली पाहिजे. जुन्या हबवर गंज साचलेला असतो. तो न घासता नवी डिस्क चढवली की ती किंचित तिरकी फिरते, आणि हबपाशी असलेला कणभर फरक डिस्कच्या कडेला वाढतो. बहुतेक मोटारींत हा फरक ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. डोळ्याला तो दिसणे अशक्य. चाकाचे नट टॉर्क रेंच न वापरता एअर गनने कमीजास्त आवळले तरी हेच घडते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण तिरकी डिस्क प्रत्येक फेरीत त्याच जागी पॅडला घासते, तिची जाडी असमान होते आणि हजारो किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. तोवर कामाचा विसर पडलेला असतो, ठपका मात्र डिस्कवर येतो. किंचाळणाऱ्या आवाजामागेही बऱ्याचदा कॅलिपरच्या सुकलेल्या पिना किंवा न बसवलेल्या शिम असतात.

बाजारात निकृष्ट आणि बनावट माल आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच अंदाजावर न जाता मोजले पाहिजे. डायल गेज लावून डिस्क फिरवावी, सर्वांत उंच जागेवर खूण करावी आणि रचना परवानगी देत असेल तर डिस्क हबवर फिरवून पुन्हा मोजावे. उंचवटा डिस्कबरोबर सरकला तर डिस्क सदोष. हबच्या त्याच जागी राहिला तर हब. यात वेळ जातो, गिऱ्हाइकाला घाई असते, असे गॅरेजवाले म्हणतील. पण डिस्क दुसऱ्यांदा विकत घेण्यापेक्षा हे मोजमाप स्वस्त पडते.

तेव्हा डिस्क बदलून घेताना बिल देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: हब घासला का, डायल गेजवर आकडा किती आला, आणि नट किती टॉर्कला आवळले? उत्तरे नसतील, तर काम अर्धेच झाले आहे.