डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालणे

गोळ्या किंवा निदान एखादे इंजेक्शन मिळाल्याविना दवाखान्यातून बाहेर पडणे आपल्या मध्यमवर्गीय मनाला अजूनही फसगतीसारखे वाटते. ‘रोज चालत जा’ एवढेच सांगणाऱ्या डॉक्टरला फी कशाची द्यावयाची, हे उघडपणे कोणी विचारत नाही इतकेच.

न्यूझीलंडने १९९८ मध्ये चिठ्ठीवरच्या या श्रद्धेचाच उपयोग करून घेतला. तेथील फॅमिली डॉक्टर बैठ्या रुग्णाशी बोलून, त्याला झेपेल असा व्यायाम औषधाप्रमाणे कागदावर लिहून देऊ लागले. ‘हिरवी चिठ्ठी’ हे तिचे नाव. तिची प्रत स्थानिक क्रीडासंस्थेकडे जाई आणि तेथील जाणकार पुढील तीन महिने दूरध्वनीवरून रुग्णाची विचारपूस करी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४२ दवाखान्यांतील ४० ते ७९ वयाचे ८७८ लोक होते. वर्षअखेर दिसले ते असे : साधारण दहा चिठ्ठ्यांमागे एक जादा माणूस आठवड्याला अडीच तास व्यायाम करू लागला होता. रक्तदाबात मात्र लक्षणीय फरक पडला नव्हता, हेही सांगावयास हवे. दहांत एक हे फळ तुटपुंजे खरे. परंतु त्यासाठी गुंतविलेले भांडवल म्हणजे एक कागद, काही मिनिटे आणि थोडे दूरध्वनी!

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ २०२२ मध्ये पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून अधिक. (आम्हा प्राध्यापकांची वेगळी गणना झालेली नाही, हे आमचे भाग्य.) २०१८ पासून आपली उपकेंद्रे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतरित होऊ लागली, तिशीवरील नागरिकांचा रक्तदाब व साखर तेथे तपासली जाते. तपासणीनंतर गोळ्या मिळतात, सल्लाही मिळतो. पण तो सल्ला पाळला की नाही, हे महिन्याभराने विचारणार कोण?

खासगी डॉक्टरचे उत्पन्न तपासणीवर अवलंबून. समजावण्यात गेलेली दहा मिनिटे त्याच्या दृष्टीने तोट्याची. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर असून त्यांच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो. तेव्हा चिठ्ठीलाही दर हवा आणि विचारपुशीलाही. तो शासनाने ठरवावा, प्रथम एखाद्या तालुक्यात वर्षभर देऊन पाहावा आणि हिशेब जाहीर करावा. त्या तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला चालावयास जागा उरली आहे काय, हेही त्याच वेळी नगरपरिषदेला विचारावे.