बूम की मुठी? विंग फॉइलिंगमधील हातांचा प्रश्न

पाण्यापासून हात-दीड हात वर उचललेली फळी, तिच्यावर उभा खेळाडू आणि त्याच्या दोन्ही हातांत हवेने फुगवलेला पंख हे दृश्य हवाईच्या माउई बेटापासून इटलीतील गार्डा सरोवरापर्यंत आता नवलाईचे राहिलेले नाही. विंग फॉइलिंग या नावाने ओळखला जाणारा हा खेळ खऱ्या अर्थाने बाजारात आला तो २०१९ मध्ये. फळीखालच्या खांबाला विमानाच्या पंखासारखे एक पाते जोडलेले असते. वेग वाढला की हे पाते, म्हणजेच फॉइल, फळीला पाण्याबाहेर उचलते. विंडसर्फिंगमध्ये शीड डोलकाठीला आणि डोलकाठी फळीला जोडलेली असते. येथे तसा कोणताच सांधा नाही. वारा आणि फळी यांच्यामधला एकमेव दुवा म्हणजे खेळाडूचे हात. म्हणूनच हे हात नेमके कशाला धरणार, हा वरवर किरकोळ भासणारा प्रश्न या खेळातील निर्मात्यांना पहिल्या दिवसापासून विभागत आला आहे.

'डुओटोन'ने आपल्या पहिल्या पंखाला आडवी ताठ दांडी, म्हणजे बूम दिला. 'नेश'ने त्याच वर्षी कापडी मुठींचा पंख आणला. पुढे बहुतेक कंपन्या मुठींच्या बाजूने झुकल्या आणि २०२१ मध्ये खुद्द 'डुओटोन'नेही बूमच्या जोडीला 'युनिट' हा मुठींचा पंख बाजारात उतरवला. बूमचा पराभव झाला, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. तो घाईचा होता.

बूमला इतिहासही आहे. विंडसर्फिंगच्या पेटंटवरून इंग्लंडमध्ये गाजलेला खटला बऱ्याच अंशी याच दांडीभोवती फिरला. पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्ये हेलिंग बेटाजवळ घरीच बनवलेल्या फळीला दुहेरी बूम लावला होता. तो सरळ होता. पण वापरताना वाऱ्याच्या दाबाने त्याला बाक येत असे. १९८५ मध्ये अपील न्यायालयाने पेटंट रद्दबातल ठरवले, त्यात या पोरसवदा प्रयोगाचा मोठा वाटा होता. शिडाला धरायचे कसे, हा प्रश्न विंग फॉइलिंगच्या जन्माआधीच न्यायालयाची पायरी चढलेला होता!

आता प्रत्यक्ष वापराकडे वळू. पंखावरील वाऱ्याचा दाब एका जागी स्थिर राहत नाही. झोत आला, पंख आत ओढला, फळी वेगात आली की दाबाचा मध्य पुढे-मागे सरकतो. बूम धरलेला खेळाडू हात चार बोटे सरकवतो आणि तोल साधतो. मुठी शिवलेल्या जागीच असतात. तेथे हात सरकवायचा म्हणजे एक मूठ सोडून दुसरी शोधायची, आणि तीही अनेकदा न बघता. त्यातच कापडी मूठ मनगटाच्या वळणाबरोबर थोडी पिळली जाते. हाताची हालचाल पंखापर्यंत पोहोचताना त्यात ढिलेपणा येतो आणि तो भरून काढण्यासाठी खेळाडू मूठ अधिकच आवळतो. तासाभराने कोपरापुढचा हात भरून येतो, त्याचे एक कारण हे आहे.

मुठींची बाजूही दुबळी नाही. त्या हलक्या असतात. हवा काढली की पंख गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मावतो. दांडीचे लोढणे सांभाळावे लागत नाही. पडताना ताठ दांडी डोक्याला वा तोंडाला लागू शकते, फळीवर आपटून तिला खोक पाडू शकते. नवशिक्या तर पडण्यातच अधिक वेळ घालवतो. मूठ न बघता सापडली, की हात कुठे ठेवावा हा विचारही त्याला करावा लागत नाही.

तरीही या चर्चेत एका मुद्द्याकडे सहसा दुर्लक्ष होते. मुठींमधले अंतर कारखान्यात ठरते आणि ते ठरवताना कोणत्या तरी सरासरी शरीराचे माप गृहीत धरलेले असते. लांब हातांचा पुरुष, बुटकी स्त्री आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा यांना त्याच अंतरावर खांदे ताणून उभे राहावे लागते. बूमवर हे अंतर ज्याचे त्याने ठरवायचे. कमरेला पट्टा बांधून त्याच्या दोरीवर भार देणाऱ्यांनाही हीच सोय होते, कारण दोरीची जागा बूमवर इंचाइंचाने सरकवता येते. खेळ कोणासाठी सुलभ होणार आणि कोणाला खांदेदुखी देऊन परत पाठवणार, हे काही अंशी या अंतरावर ठरते. जाहिरातींमध्ये वजनाचे ग्रॅम मोठ्या अक्षरांत छापले जातात. हे अंतर मात्र क्वचितच.

अलीकडे कंपन्यांनी मधली वाट शोधली आहे. शिवलेल्या कापडी मुठींच्या जागी ताठ, अनेकदा कार्बनच्या मुठी आल्या. काही पंखांवर मागची मूठ इतकी लांबवली आहे की तिला आखूड बूमच म्हणावे. मनगटाचा हुकूम आता पंखापर्यंत थेट पोहोचतो. लाटांवर स्वार होताना पंखातील वारा काढून तो पुढच्या एका मुठीने मागे तरंगत ठेवायचा असतो. ज्यांचा बहुतेक वेळ असा जातो, त्यांना बूमचा फारसा उपयोग नाही. सपाट पाण्यावर वेगाच्या मागे लागलेल्यांचे गणित मात्र वेगळे आहे.

नव्याने शिकू पाहणाऱ्याने पहिला पंख विकत घेण्याआधी एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात, एकाच आकाराचे दोन्ही प्रकारचे पंख किनाऱ्यावर उभ्यानेच अर्धा-अर्धा तास धरून पाहावेत. त्यासाठी पाण्यात उतरण्याचीही गरज नाही. कोणता खांदा आधी दुखू लागतो, हे वाळूतही कळते.