सगळ्या स्लाइडवर चार्टचं माप एकच हवं!



बँकेत किंवा प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी प्रेझेंटेशन द्यायचं म्हटलं, की आपली निम्मी ताकद रंग, फोटो आणि ॲनिमेशनवर जाते. चार्टच्या मापाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. एका स्लाइडवर चार्ट भिंतभर, पुढच्या स्लाइडवर कोपऱ्यात टीचभर. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "सर, आकडे बरोबर आहेत ना? मग झालं की!"

माझं मत याच्या बरोबर उलट आहे. चार्टचं माप ही सजावट नाही, तो हिशेबाचाच भाग आहे. माप बदललं की बरोबर आकडासुद्धा चुकीचा दिसतो.

कसं ते बघा. समजा, तुम्ही सेलू किंवा मानवतला डाळ मिल टाकताय. एका स्लाइडवर तूर डाळीची महिन्याची अंदाजे विक्री दाखवली, ४० क्विंटल. पुढच्या स्लाइडवर हरभरा डाळीची, २५ क्विंटल. पहिला चार्ट लहान आहे. त्याच्या आतला भाग ५ सेंटीमीटर उंच आणि बाजूची पट्टी ० ते ५०. म्हणजे ४० क्विंटलचा खांब झाला ४ सेंटीमीटर. दुसरा चार्ट मोठा, आतला भाग १२ सेंटीमीटर आणि पट्टी ० ते ३०. इथे २५ क्विंटलचा खांब झाला १० सेंटीमीटर! विक्री तुरीची जास्त, पण डोळ्याला हरभरा अडीच पट मोठा दिसतो. दोन्ही चार्टमधले आकडे खरे आहेत आणि तरी समोरच्याच्या मनात उलटं चित्र गेलं.

आता दोन्हींना एकच माप द्या. आतला भाग १० सेंटीमीटर, पट्टी ० ते ५०. तुरीचा खांब ८ सेंटीमीटर, हरभऱ्याचा ५. बोलायची गरजच नाही, चार्ट स्वतः बोलतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टी कुठून सुरू होते. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ, सोयाबीनचा हमीभाव. २०२२-२३ ला तो क्विंटलला ४३०० रुपये होता, २०२५-२६ ला ५३२८. वाढ साधारण २४ टक्के. १२ सेंटीमीटर उंचीच्या चार्टवर ० ते ६००० अशी पट्टी ठेवली, तर खांब येतात ८.६ आणि १०.७ सेंटीमीटरचे. वाढ आहे तेवढीच दिसते. तोच चार्ट ४००० ते ५५०० या पट्टीवर काढला, तर खांब येतात २.४ आणि १०.६ सेंटीमीटरचे. बघणाऱ्याला वाटतं, भाव चौपट झाला!

अमेरिकेतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात यासाठी एक हिशेब दिलाय. चित्रात दिसणाऱ्या वाढीला खऱ्या वाढीने भागायचं. उत्तर १ आलं तर चित्र प्रामाणिक. आपल्या दुसऱ्या चार्टचं उत्तर येतं १४ च्या वर. आणि असं करायला कुणी लबाडच असावं लागतं असं नाही. आकडे एकमेकांजवळचे असले, की एक्सेल बऱ्याचदा स्वतःच पट्टीचं खालचं टोक शून्यावरून उचलतो. आपण बघत नाही, तसाच चार्ट स्लाइडवर जातो.

मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून मला हे तराजूसारखं वाटतं. पूर्वी गावागावाची पायली वेगळी असायची. या गावचं धान्य त्या गावात मोजलं की भांडण ठरलेलं. १९५६ मध्ये देशभर एकसारखी वजनं-मापं आणणारा कायदा झाला, मग किलो सगळीकडे किलोच झाला. आजही दुकानातल्या काट्याला वैध मापन विभागाचा शिक्का लागतो. गिऱ्हाईक काटा तपासत बसत नाही, शिक्क्यावर विश्वास ठेवतं. चार्टवर असा शिक्का मारायला कुणी येणार नाही. तिथे माप सांभाळायचं काम आपलंच.

आणि इथे खरंच काहीतरी पणाला लागलेलं असतं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वैयक्तिक उद्योगाला पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं गेलं. पण हे अनुदान कर्जाला जोडलेलं. बँकेने कर्ज मंजूर केलं तर अनुदान, नाहीतर काहीच नाही. समोर बसलेला अधिकारी दिवसभर कागद आणि आकडेच बघतो. त्याने पट्टी ४००० वरून सुरू झालेली पाहिली, की पहिली शंका येते, "हे काहीतरी फुगवून दाखवतायत." ही शंका एकदा शिरली, की पुढच्या दहा खऱ्या स्लाइडसुद्धा त्याच नजरेने बघितल्या जातात.

काही जण म्हणतील, बँक प्रोजेक्ट रिपोर्ट बघते, स्लाइड कोण बघतंय? बरोबर आहे, निर्णय रिपोर्टवरच होतो. पण रिपोर्टमध्ये चार्ट जातात ते याच फाइलमधून. शिवाय ते चार्ट सगळ्यात जास्त वेळा बघणारा माणूस तुम्ही स्वतः असता. तिसऱ्या वर्षाचा फुगलेला खांब बघून एखाद्याने जास्तीचं मशीन घेतलं, तर हप्ता अधिकारी भरणार नाही, त्यालाच भरायचाय.

माझा राग आहे तो फुकट मिळणाऱ्या चकाचक टेम्प्लेटवर. त्यांच्यात प्रत्येक स्लाइडला चार्टची जागा वेगळी. डावीकडे गोल, उजवीकडे लांबट, खाली चपटी. जाहिरातीला ठीक आहे, हिशेबाला नाही. साधी पांढरी स्लाइड घ्या आणि पॉवरपॉइंटमध्ये एवढं करा:

१. आधी माप ठरवा. रुंद स्लाइड ३३.८७ बाय १९.०५ सेंटीमीटरची असते. तिच्यावर चार्ट २८ सेंटीमीटर रुंद आणि १३ सेंटीमीटर उंच ठेवला, तर वर शीर्षकाला पुरेशी जागा राहते.

२. चार्ट माउसने ओढून लहान-मोठा करू नका. चार्ट निवडा, फॉरमॅट टॅबमध्ये उजव्या टोकाला उंची-रुंदीचे चौकोन आहेत, तिथे आकडा टाइप करा. 'लॉक ॲस्पेक्ट रेशो'ची खूण काढलेली हवी, नाहीतर रुंदी टाकताच उंची आपोआप बदलते. तिथल्याच पोझिशनमध्ये डावीकडून आणि वरून किती अंतर हवं तेही सगळीकडे सारखं टाका.

३. बाहेरची चौकट सारखी झाली म्हणजे काम संपलं नाही. एका चार्टमध्ये लेजेंड उजवीकडे आणि दुसऱ्यात खाली असेल, तर आतली खांबांची जागा वेगवेगळी होते. लेजेंड, शीर्षक आणि अक्षरांचा आकार सगळीकडे एकच ठेवा.

४. बाजूच्या पट्टीवर राइट क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, बाउंड्स. खांबांच्या चार्टला मिनिमम शून्यच हवा. मॅक्सिमम सगळ्या चार्टमधल्या सर्वात मोठ्या आकड्यावरून ठरवा आणि सगळीकडे तोच टाका.

५. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पहिला चार्ट मनासारखा तयार करा, डावीकडच्या पट्टीत ती स्लाइड निवडा आणि कंट्रोल + डी दाबून नक्कल काढा. मग एडिट डेटामध्ये जाऊन फक्त आकडे बदला. नेहमी प्रेझेंटेशन करणाऱ्यांनी स्लाइड मास्टरमध्ये चार्टचा प्लेसहोल्डर एकदाच बसवून ठेवावा.

शेवटी स्लाइड शो लावून पुढे-मागे भराभर करून बघा. चौकट जागेवरून हलली तर लगेच दिसते.

आता एक खबरदारी. सगळं एकाच पट्टीवर कोंबायचं असाही याचा अर्थ नाही. रुपये आणि क्विंटल यांची पट्टी एक होऊच शकत नाही. तिथे चौकट सारखी ठेवा, पट्टी वेगळी ठेवा आणि एकक ठळक लिहा. एक आकडा ५ लाखांचा आणि दुसरा ५ हजारांचा असेल, तर चार्टचा हट्ट सोडा, सरळ तक्ता द्या. भावाचा रोजचा चढउतार रेषेने दाखवायचा असेल, तर पट्टी शून्याच्या वरून घ्यायला हरकत नाही, कारण तिथे खांबाची उंची मोजली जात नाही. पण ती कुठून सुरू होते हे चार्टखाली लिहा. नियम एवढाच: ज्या दोन गोष्टींची तुलना होणार, त्यांचं माप एक.

तर पुढच्या प्रेझेंटेशनआधी अर्धा तास काढा. आपली फाइल उघडा, प्रत्येक चार्टची उंची, रुंदी आणि पट्टीची दोन्ही टोकं एका कागदावर लिहून काढा. जिथे आकडा जुळत नाही, तिथे दुरुस्ती करा. मगच फाइल पेन ड्राइव्हवर घ्या.