मोजपट्टीची नजर

स्त्रीदेहाचा मांसल भार निःसंकोचपणे रंगविणारी ब्रिटिश चित्रकर्ती जेनी सॅव्हिल हिची चित्रे आपल्यातील अनेक सज्जनांना बीभत्स वाटतील. मला ती सत्यनिष्ठ वाटतात.

तिच्या १९९३ सालच्या ‘प्लॅन’ या भव्य चित्रातील स्थूल, विवस्त्र स्त्रीच्या देहावर नकाशातील उंचसखल भाग दाखविणाऱ्या रेषांसारख्या रेषा आहेत. चरबी काढण्यापूर्वी शल्यविशारद अशाच खुणा करतो. येथे ओंगळ काय आहे? तो देह, की त्याला कापण्यासाठी मोजणारी दृष्टी?

नग्नतेवर कोणी बोट ठेवील. परंतु १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी मायकेलअँजेलोच्या विवस्त्र आकृतींनी भरलेल्या सिस्टीन चॅपेलला मानवी देहाच्या ईशज्ञानाचे मंदिर म्हटले होते. माणसाला वस्तू ठरविते ती नजर अश्लील होय.

ती नजर आपल्या घरांतही आहे. ‘मुलगी गोरी, सडपातळ हवी’ अशी अट घालणारे ख्रिस्ती पालक मुलीच्या देहावर त्याच रेषा ओढतात. लग्नाच्या तोंडावर लेकीला उपाशी ठेवणारी आईही तेच करते. इशायच्या थोरल्या पुत्राच्या रूपावर व उंचीवर शमुवेल भाळला, तेव्हा परमेश्वराने त्या संदेष्ट्यालाही टोकले. रविवारी हे वाचन ऐकायचे आणि सोमवारी रंगावरून स्थळ नाकारायचे, हा कसला विश्वास?

असली चित्रे दिवाणखान्यात लावा, असा माझा आग्रह नाही. स्थळे पाहताना रंग आणि वजन विचारणे तेवढे थांबवा. देवाच्या प्रतिमेत निर्मिलेल्या लेकीला मोजपट्टी लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?