दुखत नाही, म्हणून विसरू नका!

मैत्रिणींनो, "हाताला गाठ लागते, पण दुखत नाही; मग कशाला जायचं डॉक्टरांकडे?" असं आपल्यातल्या कितीतरी जणी म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. म्हणून तर ती फसवते!

धोका कुणाला अधिक? मुख्य कारण वय. पाळी लवकर आली, उशिरा गेली, पहिलं मूल तिशीनंतर झालं किंवा झालंच नाही, तरी तो थोडा वाढतो. यात बाईचा दोष काहीच नाही. आई, बहीण, मावशी यांना हा आजार झाला असेल तर अधिक जपावं. आणि आत्यालाही विसरू नका! 'बीआरसीए' जनुकांतला दोष वडिलांकडूनही लेकीकडे येतो. पण घराण्यात कुणाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. बहुतेक रोगिणींच्या घरी तो आधी कुणालाच झालेला नसतो.

आपल्या हातात काय? पाळी गेल्यावर वजन वाढू न देणं, रोज भरभर चालणं, मद्य टाळणं, बाळाला अंगावर पाजणं. संप्रेरकांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. काळ्या ब्रेसियरनं किंवा मार लागल्यानं कर्करोग होत नाही. तो संसर्गजन्यही नाही. रोगिणीचं ताट-वाटी वेगळं ठेवू नका.

टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मोठा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं स्तन तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे जाणत्या हाताची तपासणीही जीव वाचवते.

गाठ, त्वचेवर खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त, काखेत गाठ – यांतलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी साध्याच निघतात. "लेकीचं लग्न उरकू दे, मग बघू," असं मात्र म्हणू नका. लवकर सापडलेला रोग बरा होऊ शकतो. लेकीला लग्नात आई हवी असते, आणि लग्नानंतरही!